शिळ्या पावाला फ्रेंच नाव

विकांताचा विषय: फ्रेंच टोस्ट. आधीच सांगून ठेवतो, हा लेख भांडणाचा आहे. मधे रेसिपी येईल, पण तीही भांडणाचाच भाग म्हणून :)

पुण्यातल्या एका कॅफेच्या मेनूत (नाव घेत नाही) वाचलं, "आजच भाजलेल्या ताज्या ब्रेडचा फ्रेंच टोस्ट". वर मेपल सिरप, बाजूला स्ट्रॉबेरीची एक फोड. किंमत अशी की तेवढ्यात आमच्या शिनोलीच्या घरात सगळ्यांचा नाश्ता होईल. (शिनोली म्हणजे मंचरहून भीमाशंकरला जाताना घोडेगावच्या पुढे लागतं ते.) पण किंमतीचं सोडा हो.. माझं भांडण त्या 'ताज्या' शब्दाशी आहे.

कारण हा पदार्थ जन्मलाच शिळ्या पावासाठी. खुद्द फ्रान्समधे त्याला म्हणतात 'पँ पेर्द्यू', म्हणजे वाया गेलेला पाव. जर्मनीत नाव आहे 'आर्मे रिटर', गरीब सरदार! फ्रेंचांच्याही आधी, अपिसियस नावाच्या रोमन पाककृतींच्या संग्रहात दुधात भिजवून तेलात तळलेले आणि वर मध ओतलेले पावाचे तुकडे आहेत. थोडक्यात काय, कडक झालेला पाव फेकायला जीव होत नाही, ही जगभरातल्या आयांची अडचण आणि हा त्यावरचा तोडगा. आपल्याकडे पाव आणला पोर्तुगिजांनी, १५१० मधे गोवा घेतल्यानंतर. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. पुढे मराठी स्वयंपाकघरात त्या टोस्टमधे कांदा-मिरची पडली आणि तो आपला झाला.

बरं, शिळाच पाव का? इंजिनियरची खोड, सांगतोच. पाव नुसता वाळून शिळा होत नाही. भाजताना मोकळा झालेला त्यातला स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट रचला जातो, म्हणून पाव कडक होतो. (फ्रिजमधे ठेवला तर आणखी लवकर.) असा पाव अंडं-दूध भरपूर पितो पण मोडत नाही, आणि तव्यावर तापला की आतून परत मऊ होतो. ताजा पाव बुडवून बघा, लगदा होतो. म्हणजे शिळेपणा ही इथे अटच आहे.

कृती: दोन अंडी, अर्धी वाटी दूध, मीठ, चिमूटभर हळद, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर. कालच्या ब्रेडचे चार स्लाइस दोन्ही बाजूंनी बुडवायचे आणि तव्यावर तेल सोडून मध्यम आचेवर खरपूस भाजायचे. गोड हवा असेल तर कांदा-मिरचीऐवजी साखर-वेलची. संपलं.

आता खरं भांडण. हेच डोकं आमच्या आंबेगाव-जुन्नरकडे शिळ्या भाकरीला लावतात. कुस्करायची, कांदा-मिरची-शेंगदाण्यांची फोडणी द्यायची. पण हापिसात हा डबा आणणारा झाकण अर्धं लावून खातो! आणि तोच गडी शनिवारी ब्रंचला जाऊन फ्रेंच टोस्टचे फोटो टाकतो. शिळ्या भाकरीची लाज आणि वाया गेलेल्या पावाची ऐट? हा कुठला न्याय राव?

कोणी म्हणेल, शिळं खाणं ही लाचारी होती. बरोबर आहे. गावगाड्यात काही जातींना दारोदार फिरून शिळी भाकरी मागावी लागायची. ज्या घरांत ती आठवण आहे, त्यांनी शिळ्याकडे पाठ फिरवली तर मी चकार शब्द काढणार नाही. लादलेलं शिळं हा अपमानच होता. माझं भांडण माझ्यासारख्यांशी आहे. आमच्यावर कुणी काही लादलं नव्हतं. आम्हाला फक्त डब्यातून गाव दिसायला नको असतं.

आणि ही लाज स्वस्त नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज आहे की भारतात घराघरांतून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं. त्यात साली-देठं धरलेली आहेत, कबूल. पण आपल्या फ्लॅटमधल्या रविवार रात्रीच्या पोळ्याही त्यातच आहेत, हेही कबूल करा.

तेव्हा मंडळी, फ्रेंच टोस्ट जरूर करा, पण कालच्या ब्रेडचा. आणि सोमवारी डब्यात फोडणीची भाकरी न्या, झाकण पूर्ण उघडून. कुणी विचारलंच तर सांगा, फ्रेंच पद्धत आहे.

असो. भांडून भूक लागली.