भाड्याच्या धंद्यासाठी मिनी ट्रॅक्टर: गिअरचा घ्यायचा की हायड्रोस्टॅटिक?

मिनी ट्रॅक्टरच्या व्हिडिओत गिअरबॉक्सला दोनच मिनिटं मिळाली. त्यानंतर बॅचमधल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये क्लच नाही, गिअर नाही. एक पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. असा ट्रॅक्टर घेऊन द्राक्षबागेत फवारणीचा धंदा टाकला तर?"

माझं मत आधीच सांगतो. भाड्याने फवारणी, रोटाव्हेटर आणि थोडीफार ट्रॉली, असा धंदा करणार असाल तर गिअरचाच घ्या. शोरूममध्ये बसून हायड्रोस्टॅटिक कितीही गुळगुळीत वाटला तरी. पण हे उत्तर सगळ्या धंद्यांना लागू नाही, म्हणून कारण समजून घ्या.

हायड्रोस्टॅटिक, म्हणजे एचएसटी, असतं तरी काय? इंजिन एक तेलाचा पंप फिरवतं, त्या पंपातलं दाबाचं तेल एक मोटर फिरवतं आणि ती मोटर चाकं फिरवते. पेडल दाबलं की पंपातल्या एका तबकडीचा कोन बदलतो, तेल कमी-जास्त जातं आणि वेग बदलतो. कोन उलटा झाला की ट्रॅक्टर मागे. इंजिनचा आरपीएम तोच राहतो. गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये दाताला दात लागलेला असतो. तिसरा लो टाकला, थ्रॉटल लावला, की चाकांचा वेग ठरला. तो ड्रायव्हरच्या पायावर अवलंबून नाही.

ही शेवटची गोष्ट फवारणीत पैशांची आहे. हिशोब बघा.

दोन ओळींत ९ फूट अंतर असलेली बाग धरा. ब्लोअर लावून ताशी ३ किलोमीटरने प्रत्येक ओळीतून गेलात तर तासाला साधारण २ एकर होतं. ब्लोअरचे नोझल मिळून मिनिटाला २० लिटर सोडत असतील तर तासाला १२०० लिटर, म्हणजे एकरी जवळपास ६०० लिटर. आता तोच ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने गेला. नोझल तेच, दाब तोच, पण एकरी पाणी साधारण ४५० लिटरच्याही थोडं खाली आलं. म्हणजे औषध पाऊण हिश्श्यावर आलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि डाऊनी आला, तर शेतकरी कंपनीला शिव्या घालणार नाही, तुम्हाला घालणार. दुसऱ्या वर्षी त्या गल्लीतला एकही प्लॉट तुमच्याकडे येत नाही.

गिअरमध्ये वेग बांधलेला असतो, त्यामुळे मजुरीवर ठेवलेला ड्रायव्हर दुपारी पेंगुळला तरी एकरी पाणी फारसं हलत नाही. एचएसटीमध्ये पाय जरा हलला की वेग हलला. क्रूझ कंट्रोल असतो, मान्य. पण तो लावायचा की नाही हे ड्रायव्हर ठरवतो, आणि तुम्ही रोज बागेत उभे राहणार नाही.

दुसरा मुद्दा ताकदीचा. तेलातून शक्ती पाठवली की काही शक्ती उष्णता होऊन जाते. दातांतून पाठवली की त्यापेक्षा बरीच कमी जाते. हा फरक पुस्तकी नाही. अमेरिकेत कुबोटाचा एल २५०१ दोन्ही प्रकारांत विकला गेला आहे, इंजिन तेच, सुमारे २५ एचपीचं. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे गिअरवाल्याला पीटीओवर २०.५ एचपी मिळते आणि एचएसटीवाल्याला १९. दीड एचपी! मोठ्या ट्रॅक्टरला ही चिल्लर आहे. मिनीत मुळात वीसच एचपी असताना, भरलेली ब्लोअरची टाकी ओढत चढावर जाताना ती जाणवते. आणि हा फक्त पीटीओचा आकडा झाला. चाकांपर्यंत पोचताना एचएसटीमध्ये होणारी घट वेगळीच. रस्त्यावर द्राक्षाच्या क्रेटची ट्रॉली ओढायची असेल तर मी एचएसटीचं नावही काढणार नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. माझं स्पेअर्सचं दुकान आहे, त्यामुळे हे रोज काउंटरवरून बघतो. गिअर ट्रॅक्टरची क्लच प्लेट गेली तर तालुक्याच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर खोलून बसवणारा माणूस सापडतो. एचएसटीचा पंप गेला तर? त्यातल्या फटी इतक्या बारीक असतात की तेलात धूळ गेली, फिल्टर वेळेवर बदलला नाही, की आतले पृष्ठभाग ओरखडतात. ते काम हातोडी-पान्याचं नाही. आपल्याकडे जपानी बनावटीच्या भात कापणी हार्वेस्टरना एचएसटी असते, त्यामुळे धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, हे काम जाणणारा मिस्त्री मिळू शकतो. निफाडला तुम्ही त्याला किती दिवसांनी आणणार? पाऊस उघडल्यावर फवारणीला शेतकऱ्याच्या हातात काही तास असतात. तुमचा ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला, तर भाडं बुडालं हे सोडा, गिऱ्हाईक गेलं. हप्ता मात्र पाच तारखेला येतोच. बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवला, पण त्या आलेखात मशीन बंद पडल्याचे दिवस कुठेच नव्हते. तुमच्या वहीत ते लिहा.

(बॅटरी उतरली तर गिअरचा ट्रॅक्टर उतारावर ढकलून सुरू होतो. एचएसटीचा होत नाही. मळ्यात रात्री अडकलेल्या माणसाला हा मुद्दा पहिल्या क्रमांकाचा वाटतो.)

मग एचएसटी वाईट आहे का? अजिबात नाही. एकच प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या कामात तासाला किती वेळा पुढे-मागे करावं लागतं? बागेत १०० मीटरची ओळ ताशी ३ किलोमीटरने संपायला २ मिनिटं लागतात, मग एक वळण, परत २ मिनिटं. क्लचला फारसं कामच नाही. आता लोडर लावून शेणखताची ट्रॉली भरायचं काम घ्या. ढिगात घुसा, मागे या, ट्रॉलीकडे जा, परत मागे या. एका बकेटला चार वेळा दिशा बदलली. ३० बकेटची ट्रॉली म्हणजे १२० वेळा क्लच. तिथे गिअरवाल्याचा पाय आणि क्लच प्लेट दोन्ही जातात आणि एचएसटीवाला निवांत काम करतो. मोठी नर्सरी, रिसॉर्टचं लॉन, गोठ्यातली साफसफाई असे कंत्राटाचे धंदे करणार असाल तर एचएसटीचे जादा पैसे वसूल होऊ शकतात. फक्त आपल्या बाजारात १५ ते ३० एचपीचे मिनी जवळपास सगळे गिअरचेच मिळतात, त्यामुळे आधी सर्व्हिस देणारा माणूस शोधा, मग मशीन.

आणि या दोन्हींच्या मध्ये एक पर्याय आहे, त्याकडे लोक बघतच नाहीत: शटल. स्टिअरिंगजवळच्या एका दांडीने पुढचा-मागचा बदल होतो, गिअर तोच राहतो. क्लच दाबावा लागतो, पण गिअर शोधत बसावं लागत नाही. जॉन डिअरच्या ३०२८ ईएनमध्ये ८ पुढचे आणि ८ मागचे गिअर आहेत. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या ओजा मालिकेत १२ आणि १२. फवारणीबरोबर कधी लोडर, कधी डोझर असं मिश्र काम असेल तर मी इथे पैसे घालेन. मी यातल्या कुठल्या कंपनीचा डीलर नाही, हेही सांगून ठेवतो.

शोरूममध्ये गेलात की सेल्समन गिअर किती ते मोजून दाखवेल. त्यात अडकू नका. विचारा, पीटीओ ५४० वर फिरत असताना ताशी २ ते ५ किलोमीटरच्या मध्ये किती गिअर बसतात? फवारणी आणि रोटाव्हेटरचं बहुतेक काम याच पट्ट्यात होतं. बारा गिअर असून त्यातला एकच इथे बसत असेल तर बाकी अकरा रस्त्यावर फिरायला. मॅन्युअलमध्ये वेगाचा तक्ता असतो, तो उघडून मागा. तरी खात्री नसेल तर डेमो बागेतच घ्या, टाकी काठोकाठ भरून. १०० मीटरवर दोन काठ्या रोवा आणि मोबाईलवर वेळ लावा. १२० सेकंद लागले तर ताशी ३ किलोमीटर, ९० लागले तर ४. मग डीलरला क्लच प्लेटची किंमत आणि ती त्याच्याकडे आज शिल्लक आहे का, हे विचारा. शिल्लक आहे म्हणाला तर बाहेर काढून दाखवायला सांगा.