कंबरदुखी आणि गाडीचे शॉकअप

धर्माबादच्या मिरची बाजारात गाडीवर पोते बांधून येणारा कंबर धरून गोळी मागतो, तेव्हा मी आधी मागच्या शॉकअपविषयी विचारतो. सैल स्प्रिंगवर ओझे लादले की खड्ड्यात शॉकअप पार तळाला टेकतो आणि दणका थेट मणक्याला बसतो. नुसत्या गोळ्या खाऊन पोट बिघडवण्यात काय हशील?

स्प्रिंगच्या टोकाशी खाचांची रिंग असते. बऱ्याच गाड्यांत 5 पायऱ्या. एकट्याने जाताना खालची, डबलसीट किंवा ओझे असल्यास वरची. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, आकड्याच्या पान्याने रिंग फिरवावी. दोन्ही बाजू मात्र सारख्याच पायरीवर हव्यात. तेल गळत असल्यास मेकॅनिक गाठावा. शॉकअप घरी उघडू नये. पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांकडेच जावे.