शेवटच्या गाडीची वाट

आमच्या थेरगावात मोटरसायकल चालवणाऱ्या मुलांचा एक क्लब आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे डांगे चौकात जमायचं आणि कुठेतरी जाऊन दुपारपर्यंत घरी परतायचं. "पेट्रोल जाळत उगाच भटकतात झालं," असं आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर म्हणतात. सुरुवातीला मीही म्हणायचो. आता म्हणत नाही.

आमच्या पिढीचं तसं म्हणणं साहजिक आहे म्हणा! आकुर्डीचा बजाजचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर, तरी १९७० च्या दशकात स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आली की तिच्यावर अख्खं बिऱ्हाड. पुढे थोरला उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी. अशी गाडी नुसती हौस म्हणून काढायची हे डोक्यातच येत नसे. पुढे १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली, २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं, पण चाकणला मोटरसायकली बनतच राहिल्या. ज्यांच्या वडिलांनी हयातभर गाड्या जोडल्या, त्यांची मुलं आता त्या हौसेने चालवू लागली. यात वाईट काय आहे?

हा क्लब काढला माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. तो फिटर, बरोबरचे चौघेही कारखान्यातलेच. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून हे पाचजण गुरुवारी निघायचे. दोघांकडे शंभर सीसीच्या जुन्या गाड्या. पुणेकर रविवारी जातात तिथे यांना गुरुवारी रस्ता मोकळा मिळायचा, एवढीच काय ती चैन.

दुसऱ्या पावसाळ्यात ते पवना धरणावर गेले. तोवर दहा-बाराजण झाले होते. कामशेतहून पवनानगरकडे वळल्यावर शेवटची गाडी चिखलात घसरली. पुढचे धरणावर पोचले, भजी खाल्ली, फोटो काढले. एकजण कमी आहे हे तासाभराने लक्षात आलं. मनगटावर निभावलं, पण संध्याकाळी हा माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"सर, आम्ही मोजलंच नाही."

मी म्हटलं, "अरे, सहलीला तुम्हाला कसं नेत होतो आठवतं का? पुढे एक मास्तर, मागे एक मास्तर, आणि उतरलात की मोजणी."

त्यातून क्लबचे नियम झाले. सगळ्यात पुढे एक जाणता, सगळ्यात मागे एक जाणता. सर्वांत संथ गाडी पुढच्याच्या लगेच मागे. दोन ओळींत, पण एकमेकांच्या बरोबरीने नाही, मागेपुढे अंतर ठेवून चालवायचं. वळणावर आरशात मागचा दिसला नाही तर थांबायचं. हेल्मेट नसेल तर घरी, मागे बसणाऱ्यालासुद्धा. ज्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले, त्याच्या शेजारी या पोरांनी ती आपणहून लावून घेतली. वर्गात ओरडून जे मला जमलं नाही ते त्यांनी केलं.

आता क्लब मोठा झालाय. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं आली, साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाड्या आल्या. त्यांच्या सोयीने गुरुवारचा रविवार झाला आणि जुने सभासद रजा मिळेल तसे येऊ लागले. परवा तो फिटर सांगत होता, आता वेगवान गाड्यांचा वेगळा गट करायचं चाललंय. मागच्यांसाठी ताटकळायला नको.

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. मोठी गाडी साठच्या वेगाने तासन् तास नेणं कंटाळवाणं होतं, आणि कंटाळलेला माणूस मध्येच घुसतो. तिकडे लहान गाडीवाला पुढच्यांना गाठायला जीव तोडून पळवतो. दोन्ही धोक्याचंच. पण म्हणूनच तर संथ गाडी पुढे ठेवायची! ज्याला शंभरने जायचंय त्याने एकट्याने जावं, त्याला क्लबची गरजच काय? दहाजणांत जायचं ते कुणी पडलं तर उचलायला कुणीतरी असावं म्हणून. मागच्याची वाट बघायची नसेल तर उरतात फक्त सारखे टी-शर्ट.

माझं ऐकतील तर दोनच गोष्टी सांगेन. महिन्यातून एक गुरुवार पुन्हा सुरू करा. आणि गट पाडू नका.

मी काही मोटरसायकल चालवत नाही. माझी स्कूटरसुद्धा केव्हाच विकली. पण तीसेक वर्षं सहली नेल्या, आणि प्रत्येक वेळी नेली तेवढी मुलं परत आणली. मास्तरकीत याहून मोठं काही केलं असं मला वाटत नाही.

असो. रविवारी पहाटे डांगे चौकात जाऊन हे त्यांना तोंडावर सांगणार आहे. ऐकतील न ऐकतील... बघू.