ग्रुप प्रोजेक्ट की वर्गणी?

काल झेरॉक्सच्या दुकानात अकरावीची पाच पोरं. ईव्हीएसचा ग्रुप प्रोजेक्ट तयारच हवा होता. प्रत्येकी 40 रुपये काढले, पाच नावं टाकली, काम खल्लास! विषय काय, तर गावचा पाणीपुरवठा. आपल्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी!

अरे, एकानं टाकी बघायची, दुसऱ्यानं व्हॉल्व्हमनला गाठायचं, तिसऱ्यानं गल्लीतल्या बायकांना विचारायचं. मग कुणाचेच आकडे जुळत नाहीत म्हणून भांडायचं. प्रोजेक्ट ग्रुपला देतात तो या भांडणासाठीच, मंडळी. ते भांडण मिटवताना पोरं शिकतात.

सरांपुढे शंभर पोरांचा गठ्ठा असतो, मान्य. पण सर, सरसकट सारखे मार्क टाकण्याआधी प्रत्येकाला एकच विचारा: तू कुणाकडे गेला होतास?