‘स्वामी’ वाचणाऱ्यांच्या बाजूने

‘मी आपलं हलकंफुलकंच वाचते हो,’ असं म्हणणारे वाचक वाचनालयात नेहमी भेटतात. बहुतेक स्त्रिया. कोणी शाळेतून निवृत्त झालेल्या, कोणी अजून बँकेत किंवा पोस्टात नोकरी करणाऱ्या. हातातल्या पिशवीत एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, एक प्रेमकथा आणि एखादं ‘मन शांत कसं ठेवाल’ जातीचं पुस्तक. महिन्याला आठ-दहा पुस्तकं सहज संपवणाऱ्या या बाईंच्या आवाजात संकोच असतो. आपण वाचतो ते खरं साहित्य नव्हे, असं त्यांना कोणीतरी पटवून दिलेलं असतं.

हा संकोच मला मान्य नाही. या वाचकांनी मराठी वाचनालयं जिवंत ठेवली, वर्गणी भरली, आवडत्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची वाट पाहिली. त्या बदल्यात समीक्षेने त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्यातून झालेलं नुकसान वाचकाचंही आहे आणि पुस्तकांचंही.

सुरुवात ‘स्वामी’पासून करू. रणजित देसाईंची ही कादंबरी 1962 साली आली, 1964 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरच्या मालिकेने ती न वाचणाऱ्यांच्या घरातही पोचवली. आपण तिला ऐतिहासिक कादंबरी म्हणतो. पण तिच्यात वाचकाला नेमकं काय मिळतं ते पाहा. 1761च्या जानेवारीत पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचा माधवराव पेशवेपदावर बसला. दौलत कर्जात बुडालेली, घरात राघोबादादांसारखा काका, एका बाजूला निजाम, दुसऱ्या बाजूला हैदर. अशा अवस्थेत पोरसवदा मुलगा कारभार कसा हातात घेतो, रागाला आवर कसा घालतो, वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांना विरोध कसा करतो, हे वाचत वाचक पुढे जातो. नोकरीत नव्याने साहेब झालेल्या माणसाने ‘स्वामी’ का जवळ बाळगावी, हे मला समजावून सांगायला लागत नाही.

माधवराव पूजाअर्चेत वेळ घालवू लागले तेव्हा रामशास्त्र्यांनी त्यांना सुनावलं, ही गोष्ट इतिहासकार ग्रँट डफपासून आजवर सांगितली जाते. जपतप करायचा असेल तर तो काशीला जाऊन करावा, राज्य करायचं असेल तर राज्याचं काम करावं, हा तिचा मथितार्थ. वेळेच्या नियोजनावरची पुस्तकं याहून वेगळं काय सांगतात? आणि या सगळ्याच्या आत रमा आहे. स्वाऱ्यांमधून परतणारा, क्षयाने झिजत चाललेला नवरा आणि त्याची वाट पाहणारी बायको. म्हणजे एकाच पुठ्ठ्यात इतिहास, प्रेमकथा आणि जगण्याचा सल्ला. वाचनालयातल्या त्या बाईंच्या पिशवीतली तिन्ही पुस्तकं इथे एकत्र बांधलेली आहेत.

वाचनालयातली ‘स्वामी’ची जुनी प्रत हातात घेऊन बघा. मी पाहिलेल्या एका प्रतीचा कणा चिकटपट्टीने सांधलेला होता, मागच्या कागदावर तारखांचे शिक्के मावत नव्हते म्हणून दुसरा कागद डकवलेला होता. शेवटची पन्नासेक पानं बाकीच्या पानांपेक्षा स्पष्टपणे मळकी. थेऊरचा भाग. चिंतामणीच्या देवळाच्या आवारात माधवरावांचे अखेरचे दिवस गेले, 18 नोव्हेंबर 1772ला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते वारले आणि रमाबाई सती गेल्या. एका समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, ‘हे वाचवत नाही.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘मलाही.’ अष्टविनायकाच्या यात्रेत थेऊरला गेलं की दर्शन झाल्यावर नदीकाठच्या रमाबाईंच्या वृंदावनाची चौकशी करणारे भाविक असतात, ते बहुधा या पानांनी तिथे धाडलेले असतात.

समीक्षकाची खरी गरज याच पानांवर आहे. ऐन तारुण्यातल्या स्त्रीचं चितेवर जाणं हा प्रेमाचा कळस म्हणून वाचायचा का? रमाबाईंपुढे दुसरी वाट कोणती होती? आपल्याला रडू येतं ते त्या दोघांच्या ताटातुटीचं, की त्या प्रथेलाही आपण नकळत हात जोडतो? माझं मत असं की, देसाईंच्या लेखणीचं सामर्थ्य या शेवटात आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. हे बोलणं समासात पेन्सिल चालवणाऱ्या त्या दोन वाचकांशी व्हायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना ‘भावविवश वाचक’ ठरवून विषय संपवला गेला.

असं बोलणं होऊ शकतं, याचा मराठीत उत्तम दाखला आहे. देसाईंच्याच ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. नांदेडचा हा विचारवंत लोकप्रिय कादंबरीकडे नाक मुरडून बघत नाही. शिवाजी महाराजांविषयी कागदपत्रं काय सांगतात, दंतकथा कुठे सुरू होते, कादंबरीकाराने कोणता शिवाजी उभा करायला हवा, असे प्रश्न तो पत्राच्या मोकळेपणाने आणि तर्काच्या शिस्तीने मांडतो. गडावरच्या रोमांचक प्रसंगांसाठी पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला दारातच एवढं सकस वाचायला मिळतं. कित्येकांनी इतिहासाकडे चिकित्सेने पाहायचा पहिला धडा तिथे घेतला असेल. लोकप्रिय पुस्तकाच्या वाचकाला बुद्धी असते असं गृहीत धरलं की काय होतं, ते या प्रस्तावनेत दिसतं.

या वाटेने पुढे फार कमी लोक गेले. शिवाजी सावंतांची ‘छावा’ 1979ची. त्याआधी मराठी रंगभूमीने आणि कादंबऱ्यांनी संभाजीराजांचं बदफैली, उतावळं चित्र बराच काळ रंगवलं होतं. ते पुसण्याचं कष्टाचं काम वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने केलं. बेंद्र्यांचा चरित्रग्रंथ 1960चा. कादंबरीकाराला नवा संभाजी लिहिता आला तो अशा अभ्यासकांनी जमीन भुसभुशीत करून ठेवली होती म्हणून. 2025 साली ‘छावा’ सिनेमा आला आणि कादंबरीला पुन्हा मागणी आली. चांगलं झालं. पण कादंबरी संपवून ‘यातलं खरं किती?’ असं विचारणाऱ्या विशीतल्या मुलाच्या हातात बेंद्रे किती ठिकाणी ठेवले गेले? खरं किती, हा प्रश्न त्या मुलाला पडतोच. उत्तर द्यायला वाचनालयाच्या काउंटरपलीकडे कोणी नसतं, म्हणून तो मोबाइलवर पुढे आलेला निरोप खरा मानतो.

प्रेमकथेच्या वाट्याला तर इतकंही आलं नाही. ना. सी. फडके तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी प्रेमकथेची बांधणी, तिचा आरंभ, गुंता, उकल यांवर बारकाईने विचार केला होता. खांडेकरांशी त्यांचा झालेला कला-जीवन वाद आपण परीक्षेपुरता पाठ केला आणि फडक्यांचं तंत्र शिकण्याजोगं होतं हे विसरलो. चंद्रकांत काकोडकरांचं तर नावही पांढरपेशा घरात दबक्या आवाजात घेतलं जाई. ‘रंभा’च्या 1962च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून बेतलेला ‘दो रास्ते’ हा राज खोसलांचा सिनेमा झळकला. एवढी कारकीर्द असलेल्या लेखकाच्या कादंबऱ्या कशा रचलेल्या होत्या, यावर मराठीत गंभीरपणे लिहिलेलं फारसं सापडत नाही.

प्रेमकथा वाचणारीला काय मिळतं, याविषयी माझं एक ठाम मत आहे. आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत बहुतेक मुलींची लग्नं पोहे, पत्रिका आणि देण्याघेण्याच्या बैठकीत ठरली. त्या बैठकीत मुलीला काय हवं, हे विचारायची पद्धत नव्हती. प्रेमकथा हा असा एक प्रकार, ज्यात सगळं कथानक तिच्या होकारावर किंवा नकारावर अडून राहतं. तिचं मन हाच तिथला मुख्य प्रश्न. दुपारी धुणंभांडी आटोपून पोथीच्या मापाची कादंबरी उघडणारी बाई भाबडी होती म्हणून ती वाचत होती, असं मी मानत नाही. आपल्याला कधी न विचारलेला प्रश्न दुसरीला विचारला जाताना तिला बघायचा होता.

आज हा वाचक आणि हा प्रकार, दोन्ही मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर गेले आहेत. प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर मराठी कथामालिका भागाभागाने येतात, लिहिणाऱ्यांत गृहिणी आहेत, परिचारिका आहेत, तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या मुली आहेत. नायक-नायिकेच्या आड आता जातीबरोबर फ्लॅटचा हप्ता, बदली आणि सासरी नोकरी सोडण्याचा आग्रहही येतो. यातलं बरंचसं लेखन घाईचं, एकसुरी आहे. श्रीमंत, तुसडा नायक आणि त्याच्या रागालाच प्रेम समजणारी नायिका, हा साचा तर मला घातक वाटतो. पण काही लेखिका खरोखर नेटकं लिहितात. ही निवड करून देणारं कोणीच नाही. रविवारच्या पुरवण्यांना अजून या लेखनाची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

स्वमदतीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा कैवार घ्यायला जाहिरातदार पुरेसे आहेत. हा प्रकार परदेशातून आला असं समजून त्याला हसू नये. सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ 1859चं आणि डेल कार्नेगींचं मित्र जोडण्याबद्दलचं पुस्तक 1936चं. त्यांच्या कितीतरी आधी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची आणि उत्तम पुरुषाची लक्षणं एकापुढे एक मांडली, आणि एकोणिसाव्यात अक्षर कसं असावं, लेखणी-शाई-चाकू कसे ठेवावेत इथपर्यंत शिकवलं. रोजच्या जगण्याचा सल्ला मागणं ही आपली जुनी, सरळ गरज आहे.

पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या टेबलावर दिसणारी पुस्तकं पाहिली की मला आणखी एक गोष्ट जाणवते. तिथे अनुवादित ‘श्रीमंत व्हा’ पुस्तकांइतकीच आत्मकथनं असतात. विश्वास नांगरे पाटलांचं ‘मन में है विश्वास’, राजेश पाटलांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’. दुष्काळी गाव, वडिलांची किंवा आईची मजुरी, पहिल्या प्रयत्नातलं अपयश, मग निवड. या मुलांना सल्ला हवा आहे, पण तो आपल्यासारखी भाकरी खाल्लेल्या माणसाकडून. अनुवादित पुस्तकात बेसबॉलचा सामना आणि विमा विकणारा अमेरिकन सेल्समन येतो, वाक्यं ताठरलेली असतात आणि एकच विचार दोनशे पानं फिरवलेला असतो. डॉ. आनंद नाडकर्णींचं ‘विषादयोग’ वाचलं की फरक कळतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती तिथे आपल्या घरातल्या भांडणांतून, आपल्या भाषेत समजते. अर्थात झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कोणत्याही पुस्तकाने भागत नाही. तिथे डॉक्टरांकडेच जायचं. हे प्रत्येक स्वमदतीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं असावं.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. वाचनालयांनी ‘छावा’शेजारी बेंद्रे आणि कमल गोखले ठेवावेत, विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक ठेवावं. कप्पा बदलायला अनुदान लागत नाही. ऐतिहासिक कादंबरी छापणाऱ्यांनी शेवटी चार पानं देऊन कोणतं पात्र कल्पित, कोणता प्रसंग कागदपत्रांतला, हे सांगावं. आणि पुरवण्यांच्या संपादकांनी महिन्यातून एक जागा या तीन प्रकारांतल्या पुस्तकांच्या चोख परीक्षणाला द्यावी. चोख म्हणजे कौतुक नव्हे. वाईट असेल तर वाईट म्हणून, का ते सांगून.

वाचकांनाही एक विनंती. बहुतेक वाचनालयांत मागणीची वही असते; नसली तर ग्रंथपालांकडे मागा. तिच्यात हवं असलेलं पुस्तक, लेखकाचं नाव आणि ते का हवं, हे एका ओळीत लिहा. ऐतिहासिक कादंबरी मागितलीत तर तिच्या जोडीचा इतिहासही मागा. आणि खिडकीवर पुस्तक देताना आवाज खाली घेऊ नका.