हात थरथरतो, म्हणजे दारूच का?



आपल्या पारोळ्यात एखाद्या वृद्ध मजुराचा हात थरथरू लागला, चाल मंदावली, की लोक म्हणतात, 'दारूनं झालं.' कोणी अंगारा आणायला धावतो. पण तो कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार असू शकतो. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, त्यामुळे हा आजार होतो.

त्या का मरतात, याचा माग आता रक्तातही घेतला जात आहे. २०१७ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ व ला होया संस्थेच्या शास्त्रज्ञांना असे आढळले, की सुमारे ४० टक्के रुग्णांच्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी अल्फा-सायन्युक्लिन या शरीरातल्याच प्रथिनाला शत्रू समजतात. अशा खुणांवरून आजार लवकर ओळखता यावा, म्हणून संशोधन चालू आहे.

तोवर नुसत्या रक्ततपासणीने खात्रीचे निदान होत नाही. तसे कोणी सांगितले तर कष्टाचा पैसा घालवू नका. धुळे किंवा जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. डॉक्टर चाल, थरथर, अंगाचा ताठरपणा पाहून निदान करतात. लेव्होडोपाच्या गोळीने हालचाल सुधारते; ती मनाने बंद करू नका.

आयुष्यभर राबलेल्या हाताला नावे ठेवू नका, त्याला दवाखान्यात न्या.