गाडी मिळाली, चालवायला कोण शिकवणार?

जळगावच्या अजिंठा चौफुलीवर किंवा धुळ्याच्या पाचकंदील भागात थोडा वेळ थांबले, तर मागे दोन्ही बाजूंना जादा चाके बसवलेली एखादी स्कूटर दिसतेच. मोजली तर चार चाके भरतात, पण लोकांच्या तोंडी ती ‘तीनचाकी’च. पाय गमावलेल्या किंवा पायात बळ नसलेल्या माणसासाठी ही गाडी म्हणजे कामधंदा, बाजार आणि दवाखाना.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. मात्र बालपणी पोलिओ झालेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे. वर्षानुवर्षे कुबड्यांवर भार टाकून त्यांचे खांदे आणि मनगटे दुखू लागतात. शिवाय पोलिओनंतर अनेक वर्षांनी काहींचे स्नायू नव्याने दुर्बल होतात. अशा वेळी गाडी ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न आहे तो पहिल्या दिवसाचा. दुचाकी वळणावर आतल्या बाजूला कलते आणि त्या कलण्यावरच तिचा तोल असतो. वेगातली दुचाकी डावीकडे वळवताना चालकाचा हात नकळत क्षणभर हँडल उजवीकडे ढकलतो. बाजूच्या चाकांची गाडी कलत नाही. तिचे हँडल जिकडे जायचे तिकडेच वळवावे लागते. डावे वळण घेताना शरीर उजवीकडे फेकले जाते, डावे चाक उचलू पाहते. वेग दुप्पट झाला की हा बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

म्हणूनच कधीच गाडी न चालवलेल्यापेक्षा अपघातात किंवा मधुमेहामुळे पाय गमावलेला जुना दुचाकीस्वार पहिल्या वळणावर जास्त चुकू शकतो. त्याच्या हातांची सवयच त्याला दगा देते. ‘आयुष्यभर गाडी चालवली, मला काय शिकवता?’ हा आत्मविश्वास इथे कामाचा नाही.

पडण्याची किंमतही वेगळी असते. ज्या पायावर वर्षानुवर्षे भार आलेला नाही, त्याची हाडे ठिसूळ झालेली असतात. किरकोळ पडण्यानेही मांडीचे हाड मोडू शकते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना तर खालच्या शरीराला स्पर्श कळत नाही. खान्देशच्या मे महिन्यातील उन्हात तापलेल्या सीटने कातडी भाजली, तरी त्यांना पत्ता लागत नाही. सीटवर जाड गादी आणि बसण्यापूर्वी हाताने तपासणे, हे त्यांनी कधीच विसरू नये.

पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, मागे कोणालाही न बसवता सराव करावा. वळणाआधीच वेग कमी करावा आणि अंग आतल्या बाजूला झुकवावे. गतिरोधक तिरका न घेता सरळ घ्यावा. दोन्ही बाजूंच्या चाकांतील हवा सारखी ठेवावी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या साइडपट्टीवर एक चाक उतरले तरी गाडी एका अंगाला कलंडते. हेल्मेट तर हवेच.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत दिव्यांगांसाठी बनवलेल्या किंवा बदल केलेल्या वाहनांची स्वतंत्र व्याख्या आली, हे चांगले झाले. परवान्यासाठी चाचणीही असते. पण चाचणी म्हणजे शिकवणी नव्हे आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अशी गाडी सहसा नसते. कृत्रिम पाय बसवल्यावर चालायला शिकवले जाते, मग गाडीचेच शिक्षण का नको? गाडी वाटपाचा कार्यक्रम फोटो काढून संपू नये. चाव्यांसोबत आठवडाभराचा सराव, फिजिओथेरपिस्टची तपासणी आणि ही गाडी वर्षानुवर्षे चालवणाऱ्या एखाद्या अनुभवी दिव्यांग चालकाची सोबत द्यावी. असे चालक दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांना मानधन देऊन शिक्षक केले, तर खर्च थोडा आणि वाचणारी हाडे पुष्कळ.